बरफवाल्यांची टेप

"बंटी, इथं लिहिलंय की तू न्हाईस," शिवकन्या म्हणाली आणि मुरमुऱ्यांचा बकाणा तसाच मुठीत धरून तिनं मान कॉम्प्युटरच्या पडद्याजवळ नेली. वसमतच्या बसस्टँडसमोर, बी-बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर तिच्या भावाचं नेटकॅफे होतं. प्लायवूडच्या तीन खोपट्या, तीन कॉम्प्युटर, त्यातला एक कायम बंद. भाऊ गावभर फिरायचा आणि बसायची शिवकन्या. पोरांचे पोलीस भरतीचे फॉर्म भरायची, निकाल काढून द्यायची, ज्याला इंग्रजी येत नाही त्याला वाचून मराठीत सांगायची. "न्हाईस म्हणजे?" बंटीनं विचारलं. "म्हणजे असा पोरगाच न्हाई म्हणतोय हा. 'माफ करा, ते हळदीवालं पोरगं मीच बनवलंय. दोन वरसं झाली, मीच लिहून राहिलोय. माझ्या गावात असं कोणी न्हाई.' खाली नाव प्रमोद. तुझाच प्रमोद का हा?" बंटीच्या पायाशी त्याची बॅग होती. त्यात दोन पँटी, एक चादर, ताशाच्या काड्यांची जोडी आणि एक कॅसेट. साडेपाचच्या गाडीनं तो पुण्याला जाणार होता. त्या प्रमोदकडंच. मधे तीन तास होते म्हणून तो माडी चढून आला होता, आपल्याबद्दल इंटरनेटवर लोक काय म्हणतात ते बघायला. कोणाला आपला फोटो बघायची हौस असते, तशी त्याला ही हौस वाटली होती. त्यानं बॅग पायानं आत ओढली, जणू तिलाही कोणीतरी 'न्हाई' म्हणून टाकंल. "पुन्हा वाच," तो म्हणाला. तिनं पुन्हा वाचलं. शब्द तेच निघाले.

तसं बघितलं तर बंटी आहे की नाही हा सवाल याआधी कोणाला पडला नव्हता. नववीत गणिताच्या सरांनी त्याला बाकावर बोटं वाजवतो म्हणून छडीनं मारलं, तवा त्यानं छडी हिसकून गुडघ्यावर मोडली आणि दोन्ही तुकडे सरांच्या टेबलावर ठेवून घरी आला. तवा सगळ्या गावाला, शिरड शहापूरला, तो आहे हे कळलं होतं. आई, आशाबाई, हळदीच्या पॉलिशच्या मशीनवर कामाला जायची, संध्याकाळी डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होऊन यायची. ती त्या दिवशी एवढंच म्हणाली, "मोडायचीच होती तर सातवीत मोडायची, दोन वरसाची चप्पल वाचली असती." मग तो नरसिंगमामांच्या बँडपार्टीत ताशाला लागला. नरसिंगमामा सख्खे मामा नव्हते, पण पार्टीतली सगळी पोरं त्यांना मामाच म्हणायची. त्यांनी त्याचा हात बघून आठ दिवसांत त्याला पुढच्या ओळीत आणलं. बंटीला मात्र लवकरच कळलं की लग्नाच्या वरातीत ताशा वाजवणं म्हणजे माणसांचे पाय मोजणं. चार पावलं, पुन्हा चार पावलं. जरा कुठं सातच्या ठेक्यात शिरलं की नवरदेवाचा घोडा बिथरायचा, म्हातारे अडखळायचे आणि मामा मागून ओरडायचे, "सरळ वाजव बे, माणसं पडून राहिले!" त्याला वाटायचं, पडू दे की. पडल्यावर तरी ऐकतील.

प्रमोद आठवीपर्यंत त्याच्याच बाकावर. त्याचे वडील हायस्कूलात मास्तर, घर स्लॅबचं, घरात सीडी-कॅसेटचा मोठा टेप. तो बारावी करून पुण्याला इंजिनियरिंगला गेला आणि पहिल्या दिवाळीला येताना एक सीडी घेऊन आला. स्वीडन का कुठल्या बरफाच्या मुलखातला बँड. नाव बंटीला म्हणता यायचं नाही, म्हणून तो त्यांना बरफवाले म्हणायचा. सगळी मिळून सहा गाणी, त्यातली दोन अकरा-अकरा मिनिटांची. बंटीकडं सीडी वाजवायला काही नव्हतं, सेलवरही चालणारा एक साधा टेप होता. प्रमोदनं आपल्या घरच्या टेपवर सीडीवरून कॅसेट भरली, वर पेननं 'जड माल' असं हेवी मेटलचं मराठी लिहिलं, आणि त्याच्या हातात दिली. "ऐक आन मला सांग," म्हणाला. "तुझे कान वेगळे हायत." असं त्याला तोपर्यंत कोणी म्हटलं नव्हतं. लोक म्हणायचे, ह्याचे हात चांगले हायत. हात काय, बैलाचे पायबी चांगले असतात. कान म्हटल्यावर बंटीला आपल्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना काहीतरी ऊन लागल्यासारखं वाटलं होतं, ते आता इथं, प्लायवूडच्या खोपटीत बसल्या बसल्या पुन्हा लागलं, पण आता ते ऊन नव्हतं, कोणीतरी दोन्ही कान धरले होते.

"मागं जा," तो शिवकन्याला म्हणाला. "मागं म्हणजे कुठं?" "त्याच्या आधी काय लिहिलंय तिकडं." शिवकन्यानं मुरमुरे तोंडात टाकले, हात ओढणीला पुसला आणि पानं मागं नेली. तिला त्या संगीताचं काही पडलेलं नव्हतं, पण एवढ्या लांबच्या लोकांचं भांडण वाचायला मिळतंय म्हणून ती जरा सरसावून बसली. "हे सगळे त्या गाण्यांवरच बोलून राहिलेत का रे? अगं आई, दोनशे पानं हायत. हा एक म्हणतो, जुना गाणारा गेला तवाच बँड मेला. हा म्हणतो, मधलं बिनओरडीचं गाणं काढून टाका, झोप येती. हा म्हणतो, ढोल माणसानं वाजवलेले वाटत न्हाईत, मशीनीनं शिवल्यासारखे वाटतात, त्याला दम घ्यायला कुठं जागाच न्हाई." "खोटं हाय," बंटी म्हणाला, "दमच तर हाय सगळा." "मला काय सांगतो, त्याला सांग." "सांगितलंय मी. प्रमोदला सांगितलंय. तिथं असंल बघ." आणि ते तिथं होतं. शिवकन्यानं वाचायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच वाक्याला ती थांबली, त्याच्याकडं बघितलं, मग पुढं वाचलं. बंटीचं बोलणं इंग्रजीतून फिरून परत मराठीत येऊन राहिलं होतं. लग्नात हरवलेलं पोरगं दुसऱ्याच गावच्या माणसानं हाताला धरून परत आणावं, तसं. "'दुसरं गाणं म्हणजे ट्रकात पोती टाकणारा हमाल हाय. पोतं टाकतो आन दम खातो. पोत्याचा आवाज म्हणजे गाणं न्हाई, दम खायचा टाइम म्हणजे गाणं.' हे तू बोलला?" "व्हय." "'गाणाऱ्याला राग आलेला न्हाई. कोणीतरी विहिरीत पडलंय आन हा वरून त्याला हाका मारून राहिला, घसा बसलाय.' हेबी तूच?" "व्हय ना, ताई." "बरं बोलतोस की रे," शिवकन्या म्हणाली. बंटीला क्षणभर सगळं विसरल्यासारखं झालं आणि छाती भरून आली. त्याचाच त्याला राग आला.

दर रविवारी तो शिरडच्या कॉइनबॉक्सवरून प्रमोदला फोन लावायचा. प्रमोद घरचं विचारायचा नाही, गावचं विचारायचा नाही. थेट म्हणायचा, "बोल, ह्या हप्त्यात काय ऐकलं?" आणि बंटी बोलायचा. पलीकडं काहीतरी टकटक वाजायचं. "काय वाजून राहिलं रे?" "काही न्हाई, अभ्यास." बंटीला त्या टकटकीचाही ठेका कळायचा. तो बोलला की ती धावायची, तो थांबला की थांबायची. एकदा तो मुद्दाम तुटक तुटक बोलला, ती टकटक अडखळली, आणि तो मनाशी हसला होता. आपण इथून पुण्यातली बोटं नाचवून राहिलो, असं त्याला वाटलं होतं. आता त्याला कळलं, बोटं त्याचं बोलणं पकडून पकडून पिशवीत टाकत होती. चौथ्या गाण्यातलं त्यानं असंच सांगितलं होतं. साडेचार मिनिटाला सगळे एकदम थांबतात. पण एकजण थांबायचं विसरतो. झांजेवर त्याचा हात राहून जातो, बारीक, एकट्याचा, मग त्याला कळतं की सगळे थांबलेत, आणि तो लाजून हात काढतो. ते लाजणं ऐकायला बंटी ते गाणं रोज लावायचा. लोडशेडिंगच्या दिवसांत सेल संपले की पत्र्यावर उन्हात टाकायचा, तापले की पुन्हा घालायचा, अन् तेवढी साडेचार मिनिटं ओढून घ्यायचा. प्रमोदला हे सांगितलं तवा पलीकडं टकटक थांबली होती. मग प्रमोद म्हणाला होता, "आयला, बंट्या." एवढंच.

पानं मागं मागं जात राहिली. शिवकन्याच्या मते पंधरावीस माणसं ह्या पोरावरच बोलत होती. त्याला त्यांनी नाव दिलं होतं, हळदीवालं पोरगं. "पण मी हळदीत न्हाई ना, मी ताशावाला हाय. हळदीत माय हाय माझी." "तिकडच्या लोकांना ताशा काय कळणार? हळद कळती. औषधाला वापरतात म्हणे." बंटीनं टेबलावर बुक्की मारली, की-बोर्ड उडाला. "ए," शिवकन्या म्हणाली, आवाज न वाढवता, "भाऊ आला तर दोघांनाबी माडीवरून खाली टाकंल. नीट बस." तो नीट बसला. ताशावाला म्हटलं असतं तर लोकांनी त्याच्या बोलण्याकडं ढोलवाल्याचं बोलणं म्हणून बघितलं असतं. एका वाजवणाऱ्यानं दुसऱ्या वाजवणाऱ्याबद्दल बोललेलं. प्रमोदनं त्याच्या हातातून काड्या काढून घेतल्या होत्या आणि अंगाला हळद लावून त्याला तिकडं उभं केलं होतं, नवरदेवासारखं, सगळ्यांनी बघायला. मग शिवकन्या एका जागी थांबली. वाचू की नको असं तिच्या तोंडावर आलं. ती चटकन पान बदलणार तेवढ्यात बंटीनं तिचं मनगट धरलं. त्याची नजर पहिल्यापासून तशी, समोरच्याचा डोळा कुठं अडखळला ते त्याला दिसायचं. "वाच." "सोड आधी हात." त्यानं सोडला. "हे पहिलं पान हाय," ती म्हणाली. "इथून सुरू केलंय त्यानं." आणि ह्या वेळी तिनं मधेच न थांबता, बाईंनी धडा वाचावा तसं सरळ वाचून टाकलं.

प्रमोदनं लिहिलं होतं: दोस्तांनो, गंमत ऐका. माझ्या गावात एक शाळा सोडलेलं पोरगं हाय. त्याला मी ही गाणी कॅसेटवर भरून दिली. आमच्या टेपची मोटार जोरात पळती हे मला माहीत न्हवतं. भरताना कॅसेट जोरात पळाली, म्हणून आता साध्या टेपवर ती हळू वाजती. दुसरं कुठलं गाणं असतं तर त्याला लगेच कळलं असतं. पण ह्यात गाणारा पहिल्यापासूनच अस्वलासारखा. त्यामुळं हळू झालं तरी त्याला ते तसंच असतं असं वाटतं. अकरा मिनिटांचं गाणं तो साडेबारा मिनिटं ऐकतो. दिवाळीला त्याच्याकडं बसून मी ऐकलं तवा मला कळलं. मी त्याला सांगितलं न्हाई. सांगणारबी न्हाई. जे गाणं जगात कुठंच न्हाई त्याच्यावर तो दर रविवारी मला व्याख्यान देतो. तुमच्यासाठी मी ते लिहून ठेवणार हाय. आणि त्याच्याखाली हसरी तोंडं, पिवळी पिवळी, एका ओळीत, वरातीतल्या बल्बांसारखी. शिवकन्यानं ती मोजली नाहीत, बंटीनं मोजली. चौदा होती.

त्याला ती दिवाळी आठवली. कालव्याच्या पुलावर दोघं बसले होते, मधे टेप. चौथं गाणं सुरू झालं आणि प्रमोदचा चेहरा जरा बदलला, तो टेपकडं वाकला, मग सरळ झाला आणि ओठ आत ओढून हसला. "असं ऐकतोस व्हय तू?" "मग कसं ऐकू?" "न्हाई न्हाई, बराबर हाय. असंच ऐक." बंटीनं ते हसणं तवाच बघितलं होतं. बघितलं नाही असं नाही. आईला पॉलिशच्या मशीनवरचा मुकादम असाच हसून म्हणायचा, आशाबाई, तुमच्याशिवाय मशीन चालत न्हाई. त्या हसण्यातला खडा बंटीला लगेच कळायचा, तो आईला तसं म्हणायचाही. आणि दोस्ताच्या हसण्यातला खडा त्यानं दाण्याबरोबर गिळला होता. आपली नजर तेज आहे ह्या गुर्मीत माणूस जो चेहरा आवडतो नेमका तोच बघायचा सोडून देतो. त्याला आणखी एक गोष्ट सुचली आणि ती पहिलीपेक्षा जास्त लागली. त्यानं त्या टेपवरून हात बसवला होता. वर्षभर, गोठ्यात, पत्र्याच्या डब्यावर. बरफवाला ढोलकरी पोत्यामागून जो दम खातो, तो दम त्यानं आपल्या मनगटात आणला होता. मागच्या हप्त्यात वसमतच्या एका वरातीत तो त्यानं वाजवला. सात, सात, मग पाच, आणि मधे ती मोकळी जागा. घोडा थांबला. खरंच थांबला, कान टवकारून. नवरदेव पुढं झुकला आणि फेटा घोड्याच्या मानेवर. लोक हसले, नवरीचा बाप चिडला आणि मामांनी सगळ्यांसमोर त्याच्या हातातून काड्या हिसकल्या. "हे कुठलं शिकून आलास बे?" "तुमाला कळणार न्हाई मामा, हे जगात वाजतं." "मग जगात जाऊन वाजव." "जातोच." त्यानं काड्या परत हिसकून घेतल्या आणि चालू वरातीतून निघाला. जगात वाजतं, असं तो म्हणाला होता. पंचवीस माणसांसमोर. आणि ते जगात कुठंच वाजत नव्हतं. एका चुकलेल्या कॅसेटवर वाजत होतं, ती त्याच्या बॅगेत होती.

आठ दिवसांपूर्वी त्यानं पुण्याला फोन केला तवा प्रमोदच्या मोबाइलवर दुसराच कोणी पोरगा बोलला. बंटीनं नाव-गाव सांगितलं. "कौन? हळदीवाला? अरे तू सच में है क्या?" आणि मागं चार पोरं हसली होती. त्याच पोरानं त्याला इंटरनेटवरच्या ह्या जागेचं नाव सांगितलं, आमच्या बँडला ढोलकरी पाहिजे म्हणाला, ये की पुण्याला. प्रमोदनंही पूर्वी कधीतरी म्हटलं होतं, ये कधी, पोरं ओळखतात तुला. बंटीला दोन्ही निमंत्रणं खरी वाटली होती. "सच में है क्या" ही त्याला तारीफ वाटली होती.

"हे बघ," शिवकन्या म्हणाली. तिचा आवाज जरा बदलला होता, आता ती वाचून दाखवणारी राहिली नव्हती, त्याच्या बाजूची कोणीतरी झाली होती. "सगळेच हसले न्हाईत. मधल्या पानांवर बघ. हा पोलंडचा बसड्रायव्हर हाय. तो म्हणतो, मी गाणं त्या पोराएवढं हळू करून ऐकलं. तीनदा ऐकलं. झांजवाला खरंच थांबायचं विसरलाय. दहा वरसं हा बँड ऐकून राहिलो, मला कधी ऐकू आलं न्हाई, आता ऐकू येतं. आता खऱ्या वेगातबी येतं. मग दुसरा म्हणतो, व्हय, येतं. मग तिसरा. मग हे सगळे तुझंच बोलणं मागून राहिलेत प्रमोदला, आज काय म्हणाला पोरगा, उद्या काय म्हणाला. कोणी हसत न्हाई आता. आन हा पोलंडवाला म्हणतो, मला त्याचा पत्ता दे, मी त्याला खरी सीडी पाठवतो आन मशीन पाठवतो. त्याच्यावर प्रमोदचं उत्तर ते. असं पोरगं न्हाई, मीच लिहितो." ती थांबली. "मग सगळ्यांनी प्रमोदलाच शाबासकी दिली बघ. काय डोकं, काय कान." चौदा पिवळी तोंडं हसली होती तवा प्रमोदनं बंटीला पुढं केलं होतं. लोक ऐकायला लागले तवा मागं ढकललं. हसायचं असंल तर पोरगं बंटीचं, वाहवा असंल तर कान प्रमोदचे. त्याला हे इतकं स्वच्छ दिसलं की डोळ्यात पाणी यायचं होतं ते आलंच नाही, मधेच सुकलं.

पोलंडवाल्यानं तिथं गाण्याचे दोन तुकडे ठेवले होते, दोन्ही चौथ्या गाण्यातल्या त्याच जागेचे. एक जसं आहे तसं, एक पोराएवढं हळू. शिवकन्यानं पहिला तुकडा डाउनलोडला लावला. वसमतच्या लाइनवर तो अर्धा तास मुंगीसारखा सरकत राहिला. तेवढ्यात खाली दुकानात कोणी तणनाशकाचा डबा घेऊन भांडून गेलं, स्टँडवर परभणीची गाडी लागली आणि सुटली. मग तिनं हेडफोन त्याच्या कानाला लावला. पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसं गाणं पळालं. हमाल नव्हता, पोती नव्हती, विहीर नव्हती, एक माणूस घाईघाईनं शिव्या देत जिना उतरून गेला. सगळे थांबले. पुन्हा लावलं. सगळे थांबले. तिसऱ्यांदा त्यानं डोळे मिटले आणि दोन्ही हात टेबलाखाली धरून ठेवले, आणि तवा ते ऐकू आलं, मुंगी चावावी एवढं, झांजेवर राहिलेला हात. होता. पण त्याला लाजायलाही वेळ नव्हता, उरलेलं गाणं त्याच्या अंगावर येऊन पडलं होतं. बंटीला त्या झांजवाल्याची, आयुष्यात न बघितलेल्या त्या बरफातल्या माणसाची, एकदम कीव आली. दुसरा तुकडा त्यानं लावूच दिला नाही. "ते माझ्यापाशी हाय," म्हणाला.

"ताई, मला लिहायचं तिथं." तिनं हरकत घेतली नाही. त्याच्या नावाचं खातं काढलं, त्यासाठी त्याची जन्मतारीख विचारली, ती त्याला शाळेतली माहीत होती, खरी आईला माहीत होती. मग ती बोटं जुळवून बसली. "बोल. सावकाश बोल, माझं इंग्रजी फॉर्मापुरतं हाय." आणि जो पोरगा दर रविवारी नाणी संपेपर्यंत बोलायचा त्याला आता एक वाक्य जुळवायला घाम आला. आतापर्यंत तो गाण्यावर बोलला होता. स्वतःवर कधी बोलला नव्हता. "लिही. मी बंटी. मी हाय. टेप हळू हाय हे मला माहीत न्हवतं. आज खरं ऐकलं. खरं मला आवडलं न्हाई. लई पळतं. पण तो झांजवाला हाय, मी खोटं बोललो न्हाई. मी ताशा वाजवतो, हळदीत काम करत न्हाई. प्रमोद खोटं बोलून राहिला." "अजून?" "बस." तिनं लिहिलं, एकेक अक्षर शोधून, दोनदा पुसून. पाठवलं. दोघंही पडद्याकडं बघत बसले. माडीवरचा पंखा आवाज करत होता आणि बंटी पहिल्यांदाच त्याचे ठोके मोजत नव्हता.

दहा मिनिटांनी पोलंडवाला आला. शिवकन्या एकदम म्हणाली, "आला रे, तुझा ड्रायव्हर आला! म्हणतो, खरंच तू हायेस का?" बंटी खुर्चीतून उठला. "व्हय म्हण. लवकर म्हण. व्हय म्हण ना ताई!" ती ते लिहून राहिली होती, तेवढ्यात मधे आणखी एक ओळ उगवली आणि तिची बोटं तिथंच राहिली. प्रमोद होता. तोही तिकडं पुण्यात बसला होता, ह्याच पानावर, ह्याच घटकेला. शिवकन्यानं मनातल्या मनात वाचलं. "मोठ्यानं," बंटी म्हणाला. "म्हणतो, 'हे मी लिहिलेलं न्हाई. माझ्या पोराची कोणीतरी नक्कल करून राहिलंय. भाषा बघा, माझं पोरगं असं रडकं बोलत न्हाई. लक्ष देऊ नका.'" दुसऱ्या कोणी लिहिलं, खरंय, हळदीवाला एवढा सपक नसतो. आणि मग पोलंडवाल्याची ओळ आली. शिवकन्यानं ती सगळ्यात हळू वाचली, खाली बघून. "माफ कर प्रमोद. एक मिनिट मला खरं वाटलं."

"लिहू का अजून?" शिवकन्यानं विचारलं. "शिव्या दे. मी लिहिते. इंग्रजीत येतात मला दोन-चार." बंटीनं बॅग उचलली. "नको." "आता पुण्याला जातोस का घरी?" तो जिन्यावर होता. "बघतो," म्हणाला, पण पाय स्टँडकडंच गेले. पुण्याची गाडी लागलेली होती. खिडकीजवळची जागा मिळाली. गाडी हलली, हळदीच्या गोदामांच्या भिंती मागं गेल्या, आणि तो प्रमोदच्या दारात उभा राहिल्यावर म्हणायचं पहिलं वाक्य जुळवायला लागला. तू माझं सोनं घेतलं न्हाईस, माझी सावली विकलीस. चांगलं होतं. दुसरं, कुत्रंबी ज्याचं खातं त्याला भुंकायला सांगत न्हाई. तेही चांगलं होतं. तिसरं त्याहून भारी सुचलं, त्याला स्वतःलाच आत हसू फुटलं. आणि तवाच त्याला ते दिसलं, इंग्रजीत, पांढऱ्या पडद्यावर, हळदीवालं पोरगं आज माझ्या दारात आलं आणि काय म्हणालं ऐका. खाली लोक आणखी मागून राहिलेत. दारात उभं राहून तो जे काही बोलंल, शिवी दिली तरी, रडला तरी, प्रमोद ते नीट ऐकून घेईल. पुलावरच्यासारखाच ओठ आत ओढून हसंल. बंटीनं फक्त बोलायचं बाकी हाय. बंटीनं तोंड घट्ट मिटलं. सुचलेली तिन्ही वाक्यं एकेक करून मोडायला घेतली, आणि ती मोडता मोडेनात.

"कुठं जायचं रे?" कंडक्टर शेजारी येऊन उभा होता. "ए पोरा. कुठं? मुका हायेस का?" शेजारची बाई त्याच्याकडं बघायला लागली. बंटीनं वर बघितलं. उद्या सकाळपर्यंत, त्या दारापर्यंत आणि त्या दाराच्या आतही, आपल्या तोंडून एवढेच शब्द जातील असं ठरवून तो बोलला.

"एक पुणे."